फितीच्या अलीकडचा उन्हाळा

कुलरच्या ताट्यांमधला जुना वाळा काढून नवा भरायला माणूस आला, की उन्हाळा लागला असे मी धरते. पंचांगाचे किंवा रेडिओचे मत विचारात घेत नाही. नव्या वाळ्यावर पहिले पाणी पडते आणि घरभर ओल्या मातीसारखा, जरा गोडसर वास पसरतो. या वासाने लोकांना आजोळ आठवते, आमरस आणि सरगुंडे आठवतात, गच्चीवर टाकलेल्या बाजा आठवतात. मला एक कुलर आठवतो, आणि तोही पाठमोरा.

तो कुलर व्यासपीठाकडे तोंड करून ठेवलेला होता. समोर मान्यवरांच्या खुर्च्या होत्या. मान्यवर यायचे होते, त्यामुळे तूर्त खुर्च्यांना वारा घालणे चालू होते. कुलरच्या मागे पुस्तकांच्या स्टॉलांची रांग होती आणि त्या रांगेत आमचा स्टॉल अगदी त्याच्या पाठीशी. आमच्यापर्यंत वाळ्याचा वास यायचा, वारा यायचा नाही. सार्वजनिक जीवनाबद्दल मी पुढे बरेच काही वाचले, पण त्या कुलरने एका सकाळीत जे सांगितले त्यात फारशी भर पडली नाही.

जागा म्हणजे वर्ध्यातली एक जिनिंग. कापसाचा मौसम आटोपला की सरकी काढणारी यंत्रे थांबतात आणि पत्र्याचे लांबलचक गोदाम पुढल्या दिवाळीपर्यंत रिकामे पडते. रिकामी जागा दिसली की तिथे कशाचे तरी उद्घाटन करावे, असे आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांना वाटतेच. तसे ते गावातल्या काही शिक्षकांना वाटले आणि ऐंशीच्या आगेमागे तिथे दर वर्षी बालग्रंथांचा मेळावा भरू लागला. मे महिन्यात, पत्र्याखाली. सुट्टीत मुले मोकळी असतात, हे समितीने सांगितलेले कारण. गोदाम तेव्हाच फुकट मिळते, हे न सांगितलेले.

मेळाव्याआधी गोदाम झाडून घेत, पण झाडू जमिनीवर चालतो. छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांवर किती तरी मौसमांच्या रुईचा धुरळा बसलेला असे. पंखे सुरू झाले की तो सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा खाली यायचा आणि घामावर चिकटायचा. दुपारपर्यंत सगळ्या विक्रेत्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. "पोरी, तू तं माह्या आजीवानी दिसून राह्यली," असे शेजारच्या स्टॉलवरचे बोबडेकाका मला म्हणाले होते. मी तेव्हा विशीतच होते. बोबडेकाका निसर्गोपचाराची पुस्तके विकायचे. उपवास, मातीच्या पट्ट्या, चहाचे दुष्परिणाम. हे सगळे ते चहा पीत पीत समजावून सांगत.

माझे वडील, म्हणजे बाबा, याच जिनिंगमध्ये तरुणपणी रुईच्या गाठी वाहायचे. छप्पन साली आमच्या घराने बुद्धाची वाट धरली. नागपूरहून परतताना वस्तीतल्या प्रत्येकाने काही ना काही आणले. बाबांनी पुस्तके आणली. वाचून झाल्यावर ती त्यांनी शेजारच्याला विकली आणि त्यांच्या असे लक्षात आले, की आपल्याला वाचण्याइतकेच विकणेही आवडते. पुढे गाठी वाहणे सुटले आणि पुस्तके वाहणे सुरू झाले. पाठीला फरक कळत नाही, असे ते म्हणत. राहायला आम्ही बोरगाव मेघेला. एसटी स्टँडजवळ पत्र्याची टपरी टाकली होती. पुढच्या फळीवर चरित्रे, राज्यघटना, धम्माची पुस्तके. मागे गाईड आणि व्यवसायमाला. आणि परीक्षा संपल्या की, दोरीवर, कॉमिक्स.

त्या काळात मराठीत कॉमिक्स फार मिळत नसत. नागपूरहून हिंदीतली यायची. वर्ध्याच्या मुलाला हिंदी वाचायला वेगळे शिकावे लागत नाही, ती हवेतच असते. टपरीसमोर सुतळीच्या दोऱ्या बांधायच्या, त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे आणि चिमट्यांना कॉमिक्स. खाली तरट अंथरलेले. भाडे द्यायचे, तरटावर बसायचे, वाचून पुन्हा चिमट्याला लावायचे. पुस्तक तरटाच्या बाहेर न्यायचे नाही, एवढाच नियम. लग्नसराईत बुंदीवर माश्या बसाव्यात तशी मुले बसत. वरच्या मजकुराला ओठ हलवत आणि खालच्या चित्राला तोंड उघडे टाकून.

बाबांना कॉमिक्सबद्दल आदर नव्हता. त्यांच्या लेखी ते गळाला लावायचे गांडूळ होते. "आज राक्षस वाचतीन, उद्या माणसाचं वाचतीन," असे ते म्हणायचे. मला मात्र त्या चोपड्या मनापासून आवडत आणि आजही मी त्यांची बाजू घेते. त्यांच्यात पाल्हाळ नसतो. माणूस जेवढे बोलतो तेवढाच त्याच्या तोंडासमोर फुगा. फुग्याला जागा मर्यादित. आमच्या मेळाव्यातल्या प्रास्ताविकाचा फुगा काढायचा म्हटला असता तर त्याने अख्खे चित्र व्यापले असते आणि वक्त्याच्या नुसत्या चपला दिसल्या असत्या. शिवाय त्यांच्यात एक पिवळा चौकोन असायचा. नायक भुयारात साखळदंडांनी बांधलेला आहे, पाणी गळ्यापर्यंत आले आहे, आता संपलेच, आणि कोपऱ्यात पिवळा चौकोन: 'तभी'. एवढा एक शब्द. पुढच्या चित्रात तो मोकळा. मी बरेच वाचले आहे, पण त्या एका शब्दाइतका दिलासा देणारे वाङ्मय मला क्वचितच भेटले.

मला पिवळ्या चौकोनाची गरज होती, ती अशी. मी बीए झाले होते, बीएड झाले होते, आणि तीन उन्हाळे बाबांच्या स्टॉलवर उभी होते. माझ्या बरोबरच्या मुली पुलगाव, देवळी, हिंगणघाट अशा शाळांना लागल्या होत्या. मी चिमटे लावत होते. त्या वर्षी आर्वीच्या एका शाळेने मला मुलाखतीला बोलावले. एकच जागा, मराठीची. मुलाखत दुपारी आणि ती नेमकी मेळाव्याच्या उद्घाटनाच्या दिवशी. बाबा म्हणाले, "उद्घाटन धा वाजता हाय. ते झालं का मी स्टॉलवर बसतो, तू बाराच्या गाडीनं निंघजो." हिशेब सरळ होता. त्यात फक्त प्रमुख पाहुणे धरलेले नव्हते.

आमच्या स्टॉलची मांडणी बाबांची स्वतःची. तीन बाजूंना तीन टेबले, चौथ्या बाजूला गोदामाची भिंत. टेबले एकमेकांना सुतळीने जखडलेली, कारण ती शाळेची असत आणि एका तरी टेबलाचा एक तरी पाय अधू असे. वर पुस्तकांच्या थप्प्या, त्यावर दोऱ्या, दोऱ्यांना कॉमिक्स. एकदा मांडले की आतल्या माणसाने टेबलाखालून रांगत बाहेर यायचे, दुसरा मार्ग नाही. बाबा रांगत. मुलाखतीसाठी स्टार्च केलेले सुती पातळ नेसलेल्या मुलीने गावातल्या शिक्षकांसमोर टेबलाखालून रांगत यायचे म्हणजे अवघडच. म्हणून मी सकाळी आत शिरले ती शिरलेच. शिरण्याआधी पाणी प्यायले नव्हते. मेळाव्यात पुरुषांची सोय जिनिंगच्या कुंपणापलीकडे कुठेही होती. बायकांची नव्हती. स्टॉलवर बसणारी बाई पहिल्या वर्षी जे शिकते ते हेच, की सकाळपासून घोटभरही पाणी घ्यायचे नाही.

"पाणी पे, मुली," बोबडेकाका दर अर्ध्या तासाने सांगत. "उन्हाळ्यात पाणी हेच औषध. लिवेल हाय माह्या पुस्तकात."

"तहान नाही काका."

"तहान लागाच्या आंधी प्याव, असंच लिवेल हाय."

टेबलाखाली माझी पिशवी होती, पिशवीत प्रमाणपत्रांची फाईल. मांडणी झाल्यावर बाबा पुस्तकांचा दुसरा गठ्ठा आणायला सायकलरिक्षाने टपरीवर गेले. ते परत येईपर्यंत गोदामाच्या दाराला फीत बांधून झाली होती.

लाल रंगाची, बोटभर रुंदीची, चकचकीत फीत. तिच्या एका टोकाला शाळेतले पीटीचे मास्तर गळ्यात शिटी अडकवून उभे. आम्ही सगळे विक्रेते आत, मुले आणि आईबाप बाहेर उन्हात, आणि बाबाही बाहेर, पाठीवर गठ्ठा घेऊन.

"मास्तर, मले आत जाऊ द्या. स्टॉल हाय माहा."

"काका, फीत कापल्याबिगर आत जाता येत नाई."

"अरे बापू, ह्याच दारातून म्या किती साल गाठी वाह्यल्या."

"तवा फीत होती काय?"

बाबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "नव्हती."

"मंग?"

बाबांनी पाठीवरचा गठ्ठा जरा वर सरकवला. मी आतून ओरडून सांगितले, "सर, मला मुलाखतीला आर्वीला जायचंय. बाबांना आत सोडा, मी बाहेर येते."

मास्तर माणूस वाईट नव्हता. त्याने खरोखर विचार केला. "म्याडम, मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण तुमच्यासाठी फीत उचलली तं मंग सगळ्याइलेच उचला लागीन. मंग पाहुणे कापतीन काय?"

दहा वाजून गेले. गोदामातले भिंतीवरचे घड्याळ कापसाच्या मौसमाबरोबर बंद पडायचे, त्यामुळे वेळ बोबडेकाकांच्या मनगटावरून कळत होती. ते ती आरोग्यविषयक सूचनांसह सांगत. साडेदहा, आता ताक घ्यावे. अकरा, आता डोक्यावर ओला फडका. वर पत्रा तापून टकटक वाजू लागला. भट्टीत ठेवलेल्या डब्यातून बाहेरचे बोलणे ऐकू यावे तसे फितीपलीकडचे बोलणे ऐकू यायचे. पातळाचे स्टार्च उतरत होते. केसांत, पापण्यांत रुई. मी फाईल काढून तिच्यावरची रुई पुसली आणि पुन्हा आत ठेवली. पुन्हा काढली.

लोक मला पुढे विचारत, फितीखालून वाकून का गेली नाहीस? एवढीशी फीत. विचारणारा बरोबर विचारतो. बैलाला अडवायचे तर खुंटा लागतो, शेताला काट्याचे कुंपण. शिकलेल्या माणसाला अडवायला बोटभर रेशीम पुरते, आणि ते रेशीम तुटू नये म्हणून तो स्वतःच जपून उभा राहतो. पण इतकेच नव्हते. आमचा स्टॉल तिथे मेहेरबानीवर होता. मेळाव्याचे कार्यवाह राऊत सर यांनी बाबांना बजावले होते, की गेल्या साली तुमच्या राक्षसांबद्दल तक्रार आली आहे, या साली काही झाले तर पुढल्या वर्षी जागा नाही. बाबांना त्या जागेचे फार अप्रूप होते. ज्या गोदामात नावाऐवजी हजेरीचा नंबर होता, तिथे आता पाटीवर त्यांचे नाव होते. मी वाकले असते तर मागे उरला असता विक्रेत्याविना एक स्टॉल, आणि त्याच्या दोऱ्यांवर लोंबकळणारे राक्षस.

अकराच्या सुमारास राऊत सर आतल्या बाजूने फेरी मारत आले. खादीचा सदरा, हातात गुंडाळलेली कार्यक्रमपत्रिका. आमच्या मधल्या दोरीवर एक हिरव्या तोंडाचा राक्षस होता. एका हातात किल्ला उचललेला, दुसऱ्या हातात राजकन्या. राऊत सर त्याच्याकडे पाहून थबकले, आणि राक्षसही त्यांच्याकडे पाहत राहिला.

"सुमनताई, हे काय लावलं?"

"कॉमिक्स, सर. दर वर्षी असतात."

"अहो, पाहुणे या चोपड्यांच्या विरोधात आहेत. व्याख्यानं देतात ते. बालमनावरचे आघात वगैरे. काढा हे."

मी त्यांना सांगितले, की बाहेरून गाठी मारलेल्या दोऱ्या उतरवायच्या तर मला टेबलाबाहेर यावे लागेल, आणि टेबलाबाहेर यायचे तर टेबले सोडवावी लागतील, आणि ती सोडवायला बाबा लागतील, आणि बाबा फितीपलीकडे आहेत. राऊत सरांनी फितीकडे पाहिले. ती सोडवण्याचा विचार त्यांच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही. "मग झाका," ते म्हणाले.

झाकायला त्यांनी व्यासपीठावर उरलेली पांढरी चादर मागवली. पाहुण्यांना चुरगळलेले काही दिसू नये म्हणून ती स्वतः मधल्या टेबलावर आणि दोरीवर नीट ताणून पसरली, कोपऱ्यांना टाचण्या लावल्या, सुरकुत्या हाताने काढल्या. नीटनेटके काम करायची त्यांना सवयच होती. राक्षस दिसेनासा झाला. मीही जवळजवळ दिसेनाशी झाले. चादरीमुळे समोरून येणारी उरलीसुरली हवाही बंद झाली आणि माझ्या जगात बोबडेकाकांचा अर्धा चेहरा, थोडा पत्रा आणि वाळ्याचा वास एवढेच उरले.

राऊत सर गेल्यावर समितीतली कोणी बाई हळदकुंकवाचे तबक घेऊन जागा शोधत आली. पांढऱ्याशुभ्र चादरीने झाकलेले टेबल पाहून तिला शोधायचे काही उरले नाही. तिने तबक त्यापुढे ठेवले. मागाहून कोणी शेवंतीचा हार आणून चादरीवर अंथरला. मी चादरीआडून हे पाहत होते. बोलावे असे वाटले, पण घसा इतका कोरडा होता की त्याने आधी पाणी मागितले असते.

"पावणेबारा," बोबडेकाका म्हणाले. या वेळी त्यांनी सूचना दिली नाही.

फितीपलीकडून बाबांचा आवाज आला. "सुमे! अवं सुमे!"

"काय बाबा?"

"काळजी नोको करू वं. गाडी काय टाइमावर निंघते काय कधी!"

आणि त्याच वेळी पांढरी अँब्युलन्ससारखी लांब मोटार आली. पाहुण्यांना उशीर कशामुळे झाला ते कुणी विचारले नाही. प्रमुख पाहुण्याला उशीर होत नाही, त्याचे आगमन होते. शिटी वाजली, फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. मी घड्याळाकडे, म्हणजे बोबडेकाकांकडे पाहिले. त्यांनी नुसती मान डोलावली. अजून जमले असते. बाबा आत यायचे, टेबल सोडायचे, मी पळायचे. स्टँड काही लांब नव्हते.

पण पाहुण्यांबरोबर फिरणाऱ्या घोळक्याच्या पुढे कोणी जायचे नसते. बाबा घोळक्याच्या शेवटी, गठ्ठ्यासकट. घोळका एका एका स्टॉलसमोर थांबत येत होता. पाहुणे हात पाठीशी बांधून पुस्तकांकडे पाहत, शिक्षक मुलांच्या वह्यांकडे पाहतात तसे. बोबडेकाकांकडचे एक पुस्तक त्यांनी उलटे धरून चाळले. मग ते आमच्या स्टॉलसमोर आले.

समोर पांढरी चादर. चादरीवर हार. पुढे तबक.

ते अनुभवी गृहस्थ होते. आयुष्यात त्यांनी कितीतरी चादरी ओढल्या असतील. तसबिरींवरच्या, कोनशिलांवरच्या, अर्धपुतळ्यांवरच्या, नव्या ग्रंथांवरच्या. आपल्याकडे मोठ्या माणसाला झाकलेली वस्तू दिसली की ती आपल्यासाठीच झाकली आहे, यात त्याला संशय राहत नाही. त्यांनी काही विचारले नाही. राऊत सरांनी मागून "साहेब, ते..." एवढे म्हटलेले मला ऐकू आले. साहेबांनी हार बाजूला केला, फोटोग्राफरकडे तोंड वळवले, सस्मित, आणि चादर ओढली.

टाचण्या टपटप निघाल्या. टाळ्या आधी झाल्या, सवयीने. मग लोकांनी पाहिले. हिरव्या तोंडाचा राक्षस, किल्ला, राजकन्या, आणि राजकन्येच्या थोडे मागे, पांढऱ्या भुवयांची मी.

कॉमिक्समध्ये इथे सगळ्यांच्या डोक्यावर उद्गारचिन्हे काढली असती. प्रत्यक्षात फक्त पंखा ऐकू येत होता. पाहुण्यांनी राक्षसाकडे पाहिले. फोटोग्राफरचा फ्लॅश उडून गेला होता, आणि चादर परत घालण्याचा विधी आपल्या संस्कृतीत नाही. मोठ्या माणसाचे मोठेपण अशाच वेळी दिसते. त्यांनी घसा साफ केला आणि तिथेच, माझ्या टेबलासमोर, बालकाची पहिली लिपी चित्र हीच असते, यावर उत्स्फूर्त भाषण केले. मन लावून केले. चित्रकथांचे हे दालन ज्यांना सुचले त्या समितीचे त्यांनी अभिनंदन केले. राऊत सरांनी हात जोडले.

भाषण संपताच बाहेरची सगळी पोरे आत घुसली आणि जिथे एवढ्या टाळ्या झाल्या तिथेच आली. टेबलाच्या तिन्ही बाजूंनी पोरे. "ओ ताई, हिरवावाला द्या!" "ओ म्याडम, मले पहिले!" "सरक ना बे!" टेबलाखालीही पोरे होती. बाबा त्यांच्यापलीकडे गठ्ठा उंच धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी तो आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. जिनिंगमध्ये कुणी कधी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"बाबा, मी निघू?"

"अवं आता कुठी जातं? पाय न, पाय!" ते पोरांवरून ओरडत होते. "सारं गाव आलं आपल्या दुकानात!"

मी पाहिले. आणि हात पुढे करून चिमटा काढला, आणि हिरवावाला दिला. बोबडेकाकांनी माझ्याकडे पाहून मनगट उलटे केले, म्हणजे घड्याळ दिसू नये. त्या माणसाच्या चहावर मी इतके विनोद केले, पण तेवढ्या एका हालचालीसाठी मी त्यांची ऋणी आहे.

त्या दिवशी एसटीची आर्वीची गाडी वेळेवर निघाली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघे सायकलरिक्षात बसून बोरगावला गेलो. बाबा बोलत होते. पुढल्या वर्षी दोन स्टॉल घ्यायचे, म्हणाले. मग बोरगाव जवळ आल्यावर म्हणाले, "आर्वीच्या शाळेत पुन्हा निंघन जागा." मी हो म्हटले. निघाली की नाही ते मी पाहिले नाही. वर्तमानपत्रात फोटो आला, तो बाबांनी चौकटीत बसवून टपरीत लावला. पाहुणे, राक्षस, राजकन्या सगळे स्पष्ट. माझे फक्त कोपर आले आहे.

पुढले कितीतरी उन्हाळे तसेच. राऊत सर स्वतः घरी येऊन आमंत्रण देत. चित्रकथांचे दालन ही आता समितीची कल्पना होती. फीत मात्र तीच असे. समिती काटकसरी होती. कापलेली फीत गाठ मारून पुन्हा वापरत. दर वर्षी एक गाठ वाढे, फीत तेवढी आखूड होई आणि तिला पुरावे म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना बाके लावून दार तेवढे अरुंद करीत. शेवटी शेवटी पाहुणे आडवे होऊन आत शिरत. मी आत असे, तीन टेबले आणि भिंत यांच्यामध्ये, न प्यालेल्या पाण्यासह. दर वर्षी वाटे, या वेळी वाकू आणि जाऊ. पण जायचे कुठे, हे त्या बाराच्या गाडीबरोबर निघून गेले होते. पुढे घराघरांत टीव्ही आले, तरटावरची मुले उठून गेली, मेळावा बंद पडला. टपरीचे दुकान झाले. बाबा गेले. लग्न होऊन मी पिपरी मेघेला आले आणि दुकान माझ्याबरोबर आले. चौकट अजून दुकानात आहे. गिऱ्हाईक विचारते, हे कोण? मी पाहुण्यांचे नाव सांगते. कोपर कुणाचे, हे कोणी विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वडनेरच्या शाळेतून दोन गुरुजी आले. पुस्तकप्रदर्शन भरवतोय, उद्घाटनाला या. ज्येष्ठ ग्रंथविक्रेत्या म्हणून. मी नाही म्हणायला तोंड उघडले आणि हो म्हटले. प्रमुख पाहुणी म्हणून माझ्यावर एकच जबाबदारी होती असे मला वाटले. मी वेळेवर पोचले.

ही चूक होती. कोणीच तयार नव्हते. फीत बांधून झाली होती, पण कात्री सापडत नव्हती. "पाच मिंटं, म्याडम," गुरुजी म्हणाले आणि पळाले. दुसरे गुरुजी कात्री आणायला गेलेल्याला शोधायला गेले. मला उन्हात खुर्ची दिली. वर्गखोलीच्या दाराशी फीत, कोरी, एकही गाठ नसलेली. आत टेबले आणि टेबलांमागे एक मुलगी, विशीतली, ओढणी डोक्यावरून घेतलेली. तिच्यासमोर भरलेली पाण्याची बाटली होती. तिने तिला हात लावलेला नव्हता. ती माझ्याकडे पाहत होती. ती नजर मला ओळखू आली. मी ती चादरीआडून कुणाकडे तरी टाकली होती.

बऱ्याच वेळाने मी खुर्चीवरून उठले. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत. फीत हाताने जरा वर उचलली, खालून गेले.

"अवो म्याडम! फीत कापाची हाय!" मागून कोणी ओरडले.

मुलगी उभी राहिली होती. "म्याडम," ती हळूच म्हणाली, "मले जरा बाहेर जाऊन याचं होतं. सकाळपासून..."

"जा," मी म्हटले. "मी बसते."

ती फितीखालून वाकून पळत गेली. मी टेबलामागे तिच्या स्टुलावर बसले आणि तिच्या बाटलीतले पाणी प्यायले. बाहेर दोन्ही गुरुजी कात्री शोधत होते. फीत शाबूत होती, त्यामुळे इतक्यात कोणी गिऱ्हाईक येणार नव्हते.